पासपोर्ट नसलेला प्रवासी : ओलिव्हर टांबो

जोहान्सबर्गच्या विमानतळाला एके काळी जनरल स्मट्स यांचे नाव होते. स्मट्स म्हणजे तेच, ज्यांच्याशी गांधीजी दक्षिण आफ्रिकेत वर्षानुवर्षे झुंजले आणि १९१२ साली तिकडे गेलेल्या नामदार गोखल्यांनी तीन पौंडांच्या जाचक कराबद्दल ज्यांची भेट घेतली. आज त्या विमानतळाला ओ. आर. टांबो यांचे नाव आहे. मंडेला आपल्या घरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. टांबो कोण, असे विचारले तर मात्र मोठी माणसेही थोडी अडखळतात. ज्याच्यापाशी स्वतःच्या देशाचा पासपोर्ट नव्हता, जो तीस वर्षे परक्यांच्या विमानतळांवर आणि परक्यांच्या ओसरीवर राहिला, त्याचे नाव मायदेशाच्या सर्वांत मोठ्या विमानतळाला मिळाले. ते का मिळाले, याचीच ही हकीकत.

ओलिव्हर यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९१७ रोजी पूर्व केपमधील पोंडोलँडात, बिझाना गावाजवळच्या एका खेड्यात झाला. पहिले महायुद्ध चालू होते. वडिलांनी मुलाचे नाव ठेवले कैझाना, म्हणजे जर्मनीच्या कैसरवरून. इंग्रजांनी पोंडो लोकांची जमीन घेतली होती, तेव्हा इंग्रजांचा जो शत्रू त्याचे नाव मुलाला द्यावे, इतका सरळ हिशेब त्यामागे होता. पुढे शाळेत मास्तरांनी इंग्रजी नाव मागितले आणि कैझानाचा ओलिव्हर झाला. वडील एका व्यापाऱ्याच्या दुकानात मदतनीस होते. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नसे, पण मुलाने शिकावे हा त्यांचा हट्ट. मुलाच्या गालांवर पोंडो रिवाजाप्रमाणे लहानपणीच चिरा पाडलेल्या होत्या. त्या खुणा पुढे लंडनच्या सभांत आणि न्यूयॉर्कच्या बैठकांत त्यांच्याबरोबर सर्वत्र गेल्या.

शिक्षण मिशनच्या शाळांत झाले. फ्लॅगस्टाफजवळच्या होली क्रॉस मिशनमध्ये असताना फीचे पैसे जमेनात, तेव्हा इंग्लंडमधल्या दोन बहिणींनी ते पाठवले. ज्या मुलाला कधी पाहिलेही नाही, त्याच्यासाठी. समुद्रापलीकडून मदत येण्याचा त्यांच्या आयुष्यातला तो पहिला प्रसंग. तिथून जोहान्सबर्गच्या सेंट पीटर्स शाळेत, आणि मॅट्रिकला पहिल्या वर्गात येऊन फोर्ट हेअर कॉलेजात. १९४१ साली गणित आणि पदार्थविज्ञान घेऊन ते बी.एस्सी. झाले. पुढच्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या संपात पुढाकार घेतल्याबद्दल कॉलेजने त्यांना काढून टाकले. मग ज्या सेंट पीटर्समध्ये ते शिकले होते, तिथेच गणित आणि विज्ञान शिकवू लागले. चांगले शिक्षक होते, शाळेचे गायनवृंदही बसवत. स्वभाव मिताहारी, मितभाषी, देवभीरू. त्यातून दम्याचा विकार. हा माणूस पुढे सशस्त्र लढ्याचा सेनापती होईल, असे त्या काळी कोणी म्हटले असते तर त्यांच्या विद्यार्थ्यांनाही हसू आले असते.

जोहान्सबर्गमध्ये त्यांची वॉल्टर सिसुलू यांच्याशी गाठ पडली. १९४४ साली मंडेला, सिसुलू, लेंबेडे आदी तरुणांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची युवक शाखा काढली, तेव्हा टांबो तिचे पहिले चिटणीस झाले. मूळची काँग्रेस १९१२ सालची, अर्ज-विनंत्यांच्या मार्गाने चालणारी. या तरुणांना ते पुरेसे वाटेना.

१९४८ साली नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि आधीच असलेल्या भेदभावाला सरकारी शास्त्राचे रूप आले. त्याला त्यांनी आपल्या भाषेत नाव दिले, अपार्थाइड. १९५० च्या एका कायद्याने प्रत्येक माणसाची वंशवार नोंद झाली, त्याच वर्षीच्या दुसऱ्याने कोणत्या वंशाने कोणत्या वस्तीत राहायचे ते ठरले. १९५३ साली शाळा आणि बाकडीसुद्धा वेगळी झाली. काळ्या माणसाने शहरात पासाचे पुस्तक बाळगल्याशिवाय फिरायचे नाही, परवानगीशिवाय बहात्तर तासांहून अधिक थांबायचे नाही. टांबो शिक्षकी सोडून वकिलीकडे वळले, त्याला हे कारण होते. १९५२ साली मंडेला आणि टांबो यांनी मिळून जोहान्सबर्गच्या मॅजिस्ट्रेट कोर्टासमोर चॅन्सेलर हाऊसमध्ये कचेरी थाटली. काळ्या वकिलांना शहरात जागा मिळणे मुष्कील. ही इमारत भारतीय मालकांची होती म्हणून मिळाली. सकाळी कचेरीत शिरताना जिन्यावरूनच माणसांची रांग लागलेली असे. कोणी चुकीच्या बाकड्यावर बसले म्हणून, कोणी चुकीच्या दारातून आत गेले म्हणून, कोणी बापजाद्यांच्या जमिनीवर राहिले म्हणून गुन्हेगार. मंडेला कोर्टात गाजत. टांबो कागदपत्रे बारकाईने वाचत आणि साक्षीदाराला शांतपणे एकेक प्रश्न विचारून निरुत्तर करीत.

त्याच वर्षी अन्यायी कायदे जाणूनबुजून मोडण्याची मोहीम झाली. दक्षिण आफ्रिकेतील भारतीय काँग्रेस आणि तिचे नेते डॉ. युसुफ दादू तिच्यात बरोबरीने उतरले. आठ हजारांहून अधिक सत्याग्रही तुरुंगात गेले. कायदे एकही बदलले नाहीत, पण काळे आणि भारतीय एका कोठडीत बसले, ही त्या मोहिमेची कमाई.

टांबोंच्या मनात खरे तर धर्मोपदेशक व्हायचे होते. सेंट पीटर्समधले इंग्रज पाद्री ट्रेव्हर हडलस्टन त्यांचे जिवलग स्नेही, आणि दीक्षेची बोलणी झालेली होती. पण डिसेंबर १९५६ मध्ये पहाटे दारावर थाप पडली. राजद्रोहाच्या खटल्यात १५६ जणांना पकडले, त्यांत टांबोही. लग्न ठरलेले होते. जामिनावर सुटून त्यांनी २२ डिसेंबरला अडेलेड शुकुडू या नर्सशी लग्न केले. वर्षभराने त्यांच्यावरील आरोप मागे घेण्यात आला, पण दीक्षा राहिली ती राहिलीच.

या ठिकाणी थोडे मागे जायला हवे, कारण पुढचा धागा आपल्या देशाशी जुळतो. १९४६ साली, स्वातंत्र्याच्याही आधी, भारताने दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांवरील अन्यायाचे गाऱ्हाणे नव्याने जन्मलेल्या संयुक्त राष्ट्रसंघात नेले आणि त्या देशाशी व्यापार तोडला. असे करणारा भारत जगातला पहिला देश. समोर होते तेच स्मट्स, तेव्हा पंतप्रधान. आपल्या बाजूचे नेतृत्व विजयालक्ष्मी पंडित यांनी केले. नेहरूंच्या भगिनी म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्या काठेवाडात स्थायिक झालेल्या एका मराठी घराच्या सूनही होत्या. पती रणजित सीताराम पंडित यांचे घराणे मूळचे कोकणातले, आणि विजयालक्ष्मी हे नाव सासरी, लग्नात ठेवलेले. आपल्यासारख्या प्रांताबाहेर वसलेल्या मराठी मंडळींना हे मुद्दाम सांगावेसे वाटते. स्मट्स यांचे म्हणणे असे की हा आमचा घरगुती मामला आहे. आमसभेने ते मान्य केले नाही. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. झुमा त्या वेळी न्यूयॉर्कला गेले होते आणि भारतीय शिष्टमंडळाबरोबर त्यांनी काम केले. एका देशाचा अन्याय हा साऱ्या जगाचा विषय होऊ शकतो, ही वाट तिथे पडली. टांबो पुढे याच वाटेने चालले.

२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासाच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. ६९ माणसे मेली, त्यांतली पुष्कळशी पाठीत गोळी लागून. संघटनेवर बंदी येणार हे उघड होते. कोणीतरी एकाने बाहेर जाऊन जगाला सांगत राहावे असे पुढाऱ्यांनी आधीच ठरवले होते, आणि तो एक म्हणजे टांबो. आठवडा उलटायच्या आत, रोनाल्ड सेगल या गोऱ्या संपादकमित्राच्या गाडीतून त्यांनी बेचुआनालँडची, म्हणजे आजच्या बोट्स्वानाची, सीमा ओलांडली. पुढच्या मार्गाची जुळवाजुळव फ्रेने गिनवाला नावाच्या एका पारशी तरुणीने केली होती. दादूही येऊन मिळाले. आता पुढे जायचे कसे? पासपोर्ट कोणाकडेच नाही, मागे दक्षिण आफ्रिकेचे पोलीस, आणि बेचुआनालँड इंग्रजांच्या अमलाखाली. अशा वेळी प्रवासाचे कागद दिले ते भारत सरकारने, नैरोबीच्या आपल्या कचेरीमार्फत. त्या कागदांवर टांबो टांगानिकाला आणि तिथून पुढे लंडनला पोहोचले. ८ एप्रिलला संघटनेवर बंदी आली.

हा मुक्काम थोड्या दिवसांचा, असे सर्वांना वाटत होते. तो तीस वर्षांचा झाला. अडेलेड मुलांना घेऊन मागाहून लंडनला आल्या. घर उत्तर लंडनमधल्या मसवेल हिलला. टांबो मात्र दार-ए-सलाम, मोरोगोरो आणि पुढे झांबियाच्या लुसाका या गावी. संघटना घरखर्च चालवण्याइतकी श्रीमंत नव्हती. अडेलेडनी इस्पितळात रात्रपाळ्या आणि दुहेरी पाळ्या करून तीन मुले वाढवली. नवरा वर्षातून थोडे दिवस येणार, तेही फायलींचे गाठोडे घेऊन. चरित्र लिहिणारे बहुधा अशा बाईचा उल्लेख एका ओळीत उरकतात. पण टांबोंचा जगभरचा संचार त्या रात्रपाळ्यांच्या जोरावर चालला होता, हे विसरून त्यांचे चरित्र सांगता येत नाही.

बाहेर त्यांनी काय केले? आधी दारे ठोठावली. १९५९ साली लंडनमध्ये बहिष्काराची चळवळ सुरू झाली होती, हडलस्टन आणि टांगानिकाचे ज्युलियस न्येरेरे तिच्या पहिल्या सभेत बोलले होते. पुढच्या वर्षी तिचीच वर्णभेदविरोधी चळवळ झाली. दक्षिण आफ्रिकेचा माल घेऊ नका, हे आवाहन खुद्द अल्बर्ट लुथुली यांनी केले होते. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. बहिष्काराने गरीब काळ्यांचेच हाल होतील, अशी हळहळ पुढे तीस वर्षे लंडन-वॉशिंग्टनमधल्या अनेक प्रतिष्ठितांनी व्यक्त केली. ज्यांचे हाल व्हायचे त्यांनीच तो मागितला होता, याची आठवण टांबो प्रत्येक ठिकाणी करून देत. १९६१ साली दक्षिण आफ्रिकेला राष्ट्रकुल सोडावे लागले. ६ नोव्हेंबर १९६२ रोजी आमसभेने त्या देशाशी राजनैतिक आणि व्यापारी संबंध तोडण्याची शिफारस केली आणि वर्णभेदावर लक्ष ठेवायला खास समिती नेमली. तिचे काम पाहणारे अधिकारी होते एनुगा रेड्डी, आपल्या आंध्रातले. पडद्यामागे राहून हा गृहस्थ दोन दशकांहून अधिक काळ फायली, ठराव आणि निधी यांची घडी बसवत राहिला. टांबोंचा आणि त्यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला.

ऑक्टोबर १९६३ मध्ये मंडेला, सिसुलू आदींवर रिव्होनिया खटला उभा राहिला. फाशीची शिक्षा होणार अशी भीती होती. ८ ऑक्टोबरला टांबो संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे उभे राहिले. कोणत्याही राष्ट्राचे प्रतिनिधी म्हणून नाही, केवळ अर्जदार म्हणून. तीन दिवसांनी आमसभेने खटला थांबवा आणि राजबंद्यांना सोडा असा ठराव केला. बाजूने १०६, विरुद्ध एक, तो दक्षिण आफ्रिकेचा स्वतःचा. सरकारने कोणालाही सोडले नाही. पण १२ जून १९६४ ला शिक्षा झाली ती जन्मठेपेची. फाशी टळण्यात वकिलांची हुशारी होती, आरोपींचे धैर्य होते. जग पाहते आहे ही जाणीवही होती, असे मला वाटते.

ठरावांपेक्षा मला मोठी वाटते ती साध्या माणसांनी केलेली कामे. लंडनच्या सेंट पॉल्स चर्चमधले पाद्री जॉन कॉलिन्स यांनी आफ्रिकेतील राजबंद्यांच्या बचावासाठी निधी उभारला होता. १९६६ साली दक्षिण आफ्रिकेने त्या निधीवर बंदी घातली, त्याचा पैसा घेणे हाच गुन्हा ठरला. मग इंग्लंडातल्या शेकडो सामान्य घरांना पैसे गुपचूप पोचवले जाऊ लागले. कोणी निवृत्त शिक्षिका, कोणी गृहिणी, कोणी पेन्शनर. त्यांनी ते आपलेच आहेत असे दाखवून दक्षिण आफ्रिकेतल्या एखाद्या कैद्याच्या बायकोला मनीऑर्डरने धाडायचे, सोबत खुशालीचे पत्र लिहायचे, आलेले उत्तर निधीकडे द्यायचे. पत्र लिहिणाऱ्याला शेजारी कोण हे काम करतो ते ठाऊक नसे, आणि घरातल्या माणसांपाशीही बोलायची बंदी. असे कोट्यवधी पौंड वर्षानुवर्षे गेले. दक्षिण आफ्रिकेच्या हेरांना मार्ग सापडला नाही. मंडेलांच्या तुरुंगातल्या सोबत्यांची मुले शाळेत जात राहिली ती अशा पत्रांवर.

ब्रिटनमधले विद्यार्थी बार्कलेज बँकेत खाते उघडायचे नाहीत म्हणून वर्षानुवर्षे अडून बसले. त्या बँकेने १९८६ साली दक्षिण आफ्रिकेतून अंग काढून घेतले. आयर्लंडात, डब्लिनच्या एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या एका तरुणीने १९८४ साली दक्षिण आफ्रिकेहून आलेली ग्रेपफ्रूट विकायला नकार दिला. तिला कामावरून घरी पाठवले, तशा तिच्या काही सहकारीही बाहेर पडल्या आणि त्यांचा संप जवळजवळ तीन वर्षे चालला. शेवटी आयर्लंडच्या सरकारने ती फळे आणि भाज्या आणायलाच बंदी केली. आपल्याकडची गोष्ट जुन्या मंडळींना आठवत असेल. भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका वगळून अशी स्पष्ट नोंद असे. १९७४ साली आपला टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला, प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिका, आणि आपण खेळलो नाही. हातातोंडाशी आलेला चषक सोडून दिला. त्या वेळी हळहळलेले पुष्कळ होते.

क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर बेझिल डॉलिव्हेरा यांचे नाव घ्यायलाच हवे. नावावरून गोवेकर वाटावा असा हा केपटाऊनचा खेळाडू. तिथल्या कायद्याने गोरा नाही, म्हणून मायदेशाच्या संघात जागा नाही. तो इंग्लंडला जाऊन इंग्लंडकडून खेळू लागला. ऑगस्ट १९६८ मध्ये ओव्हलवर त्याने १५८ धावा काढल्या. तरी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी त्याला आधी वगळले आणि दुसरा एक जण जायबंदी झाला तेव्हा घेतले. दक्षिण आफ्रिकेच्या पंतप्रधानांनी तो संघ आपल्याला चालणार नाही असे जाहीर केले, आणि दौरा रद्द झाला. वर्णभेदाचे कायदे ज्यांनी कधी वाचले नव्हते, त्या इंग्रज प्रेक्षकांना एका फलंदाजाच्या निमित्ताने सगळे कळले. दोन वर्षांनी दक्षिण आफ्रिकेचा संघ इंग्लंडला यायचा तो तरुणांच्या निदर्शनांमुळे आलाच नाही, आणि त्याच साली ऑलिंपिक समितीनेही त्या देशाला बाहेर काढले.

टांबोंना या सगळ्याचे सूत्रधार म्हणणे चूक होईल. त्यांचे कौशल्य वेगळे होते. स्वीडनचे समाजवादी पंतप्रधान ओलोफ पाल्मे, मॉस्कोतले साम्यवादी, चर्चची मंडळी, आफ्रिकेतले राष्ट्राध्यक्ष, अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते, ही माणसे एकमेकांच्या शेजारी बसायला तयार नसत. पण या शांत, नीटनेटक्या माणसाशी बोलायला प्रत्येकाला आवडे. शस्त्रे रशियाकडून आली, शाळेची पुस्तके आणि औषधे स्वीडनच्या सरकारी पैशातून. यावर टीका करणाऱ्यांना त्यांचे उत्तर असे की पाश्चात्त्य सरकारांकडे आम्ही आधी गेलो होतो. ते खरे होते.

आफ्रिकेतला संसार अधिक खडतर होता. लुथुली १९६७ साली वारले आणि अध्यक्षपदाचा भार टांबोंवर आला. खरा पुढारी रॉबेन बेटावर कैदेत आहे, आपण त्याच्या जागी फक्त राखणदार, अशी त्यांची वृत्ती होती. १९६९ च्या मोरोगोरो परिषदेत तरुणांनी नेतृत्वावर कडक टीका केली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला; सभेने त्यांनाच पुन्हा निवडले. १९७६ साली सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळ्या चालल्या आणि हजारो पोरे सीमा ओलांडून आली. कोणी पंधरा वर्षांचे, कोणी सोळा. सर्वांना बंदूक हवी होती. टांबोंतल्या मास्तराने टांझानियात त्यांच्यासाठी शाळा काढायला लावली. आश्रय देणाऱ्या देशांनी या पाहुण्यांची जबर किंमत मोजली. डिसेंबर १९८२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने लेसोथोची राजधानी मसेरूवर रात्री छापा घालून ४२ माणसे मारली; त्यांत लेसोथोचे नागरिकही होते. मोझांबिकने नाइलाजाने १९८४ साली करार करून टांबोंच्या माणसांना बाहेर काढले. झांबियाच्या कौंडांनी मात्र शेवटपर्यंत आसरा काढून घेतला नाही.

या कालखंडातली एक काळी बाजू झाकून चालणार नाही. अंगोलातल्या छावण्यांत शत्रूचे हेर घुसले होते, पण हेर शोधण्याच्या नादात संघटनेच्या सुरक्षा खात्याने स्वतःच्याच पोरांना कोंडले, छळले. १९८४ साली तिथे बंड झाले आणि काहींना गोळ्या घालण्यात आल्या. टांबोंनी चौकशी समिती नेमली, पुढच्या वर्षी कब्वेच्या परिषदेत आचारसंहिता करून घेतली. हे उशिरा झाले. जो वकील पासाच्या कायद्यात अडकलेल्या अनोळखी माणसासाठी रात्र जागवीत असे, त्याच्या नावाने चालणाऱ्या तुरुंगात पोरांना वकील मिळाला नाही. पुढे मंडेलांच्या राजवटीत नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने याचा ठपका संघटनेवर ठेवला, तो योग्यच होता. परदेशातून लढणाऱ्यांना घरच्या लोकांचा धाक उरत नाही, हा निर्वासित चळवळींचा जुना रोग आहे.

१४ नोव्हेंबर १९८० ला टांबो दिल्लीत होते. मंडेलांना मिळालेला नेहरू पुरस्कार त्यांच्या वतीने घ्यायला ते आले होते. दिल्लीत १९६७ पासून त्यांच्या संघटनेची कचेरी होती. दोनच आठवड्यांनी जिनिव्हात त्यांनी रेडक्रॉसपुढे सही करून युद्धातले मानवी नियम पाळण्याचे वचन दिले. सरकार नसलेल्या एका संघटनेने असे बांधून घेणे त्या काळी दुर्मीळ होते. तरी मे १९८३ मध्ये प्रिटोरियात त्यांच्या माणसांच्या बॉम्बने १९ जण गेले, त्यांत रस्त्यावरचे सामान्य लोकही होते. वचन आणि युद्ध यांचा मेळ त्यांनाही पूर्णपणे घालता आला नाही.

पारडे फिरले ते १९८५ साली. देशात वस्त्यावस्त्यांतून उठाव चालू होता. त्याचे श्रेय बाहेरच्या कोणाचेही नाही, ते त्या वस्त्यांतल्या माणसांचे. सरकारने आणीबाणी लादली. जुलैच्या अखेरीस चेस मॅनहॅटन या अमेरिकन बँकेने दक्षिण आफ्रिकेची कर्जे पुढे चालू ठेवायला नकार दिला. माणुसकीचा उमाळा आला म्हणून नव्हे. धंद्यातला धोका वाढला होता आणि भागधारक, विद्यापीठे, नगरपालिका यांचा तगादा सुरू होता. बाकीच्या बँका मागोमाग गेल्या. रँड हे चलन कोसळले आणि सप्टेंबरच्या प्रारंभी सरकारने परदेशी कर्जाची फेड थांबवली. त्याच महिन्याच्या १३ तारखेला देशातले बडे उद्योगपती विमानाने झांबियाला गेले आणि जंगलातल्या एका विश्रामगृहात टांबोंना भेटले. गंमत अशी की भांडवलदार आले ते सैल सुट्टीच्या कपड्यांत, आणि क्रांतिकारक सूट-टाय घालून बसलेले. ज्यांना दहशतवादी म्हणून वर्तमानपत्रांत रंगवले होते त्यांच्याशी बोलता येते, हे त्या दिवशी जोहान्सबर्गच्या शेअरबाजाराला कळले. १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकन काँग्रेसने अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार मोडून निर्बंधांचा कायदा केला. जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री शुल्ट्झ टांबोंना भेटले. थॅचरबाई मात्र त्याही वर्षी त्यांच्या संघटनेला दहशतवादीच म्हणत होत्या.

१९८९ पर्यंत वाटाघाटींचा वारा सुटला होता. टांबोंना भीती होती की अटी दुसरेच कोणीतरी ठरवील, प्रिटोरिया किंवा लंडन. म्हणून वाटाघाटींच्या अटींचा मसुदा त्यांनी स्वतः तयार केला आणि तो पटवायला कौंडांनी दिलेल्या विमानाने शेजारच्या राष्ट्रप्रमुखांकडे एकामागून एक फेऱ्या मारल्या. बंदी उठवा, कैदी सोडा, आणीबाणी मागे घ्या, मग बोलू. वय एकाहत्तर, दमा, आणि पाठोपाठच्या रात्रींची झोप नाही. ऑगस्टमध्ये लुसाकाला त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यांना विमानाने लंडनला नेले. २१ ऑगस्टला हरारे येथे आफ्रिकी राष्ट्रांनी तो मसुदा मान्य केला, तेव्हा ज्याने तो लिहिला त्याला धड बोलताही येत नव्हते.

२ फेब्रुवारी १९९० रोजी बंदी उठली, नऊ दिवसांनी मंडेला सुटले. मार्चमध्ये ते स्टॉकहोमला गेले, कारण टांबो तिथल्या रुग्णालयात उपचार घेत होते. जवळपास तीन दशकांनी दोन भागीदार भेटले. १३ डिसेंबर १९९० ला टांबो जोहान्सबर्गच्या विमानतळावर उतरले. नाव तेव्हा स्मट्स यांचेच होते. पुढच्या वर्षी डरबनच्या अधिवेशनात त्यांनी अध्यक्षपद मंडेलांकडे दिले. संघटना तीस वर्षांत फुटू दिली नव्हती, ती एकसंध हवाली केली.

२४ एप्रिल १९९३ रोजी पुन्हा झटका येऊन ते गेले. बेनोनीजवळच्या वॅटव्हिल वस्तीत त्यांचे दफन झाले. सर्वांना मताचा अधिकार असलेली पहिली निवडणूक त्यानंतर एक वर्ष आणि तीन दिवसांनी, २७ एप्रिल १९९४ ला झाली. ज्यासाठी सीमा ओलांडली, ते मत त्यांना देता आले नाही. मे महिन्यात केपटाऊनला नवी संसद भरली. अडेलेड टांबो तिच्यात खासदार म्हणून बसल्या, आणि सभापतीच्या आसनावर निवडून आल्या फ्रेने गिनवाला, चौतीस वर्षांपूर्वी टांबोंच्या बाहेर पडण्याचा मार्ग ज्यांनी जुळवला होता त्याच.